घेवड्याचं गणित उन्हाळ्यातच मांडायचं

पोरा, औंदापासून वरचं रान तू बघणार, तर घेवड्याबद्दल काही गोष्टी कानात घालून ठेवतो. बियाणं, औषधं, बाजार यांचं बोलणं पुढं होत राहील. मला मातीचं आणि खताचं सांगायचंय, कारण लोक नेमके तिथंच अंदाजानं चालतात आणि घेवड्यात अंदाज चालत नाही.

वाघ्या घेवडा म्हणजे आपल्या कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागाचं पीक. देऊर, वाठार स्टेशन, पिंपोडे हा सगळा पट्टा त्याच्यावर वाढला. पाऊस बेताचा, जमीन हलकी ते मध्यम, निचऱ्याची, म्हणून हा दाणा इथं रंग धरतो. अंगावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं चांगलंच आहे. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्याचा मोठा गुण वेगळा आहे. पेरल्यापासून 70 ते 75 दिवसांत तो खळ्यावर येतो आणि रब्बीला रान मोकळं करून देतो.

आता हा गुणच नीट ध्यानात घे. महिना-सव्वा महिन्यात त्याला फुलं लागतात. म्हणजे उगवून आल्यावर पीक पिवळं दिसलं, मग कोणाला तरी विचारलं, मग दुकानात गेलो, मग खत आणलं, तोवर फुलोरा आलेला असतो. उसाला चुकलेला हप्ता पुढं देता येतो, आल्याला देता येतो. घेवडा तेवढी सवड देत नाही. म्हणून त्याचा सगळा हिशोब मृगाच्या आधी, चैत्र-वैशाखात, रान मोकळं असतानाच करून ठेवायचा.

दुसरी गोष्ट. आपल्याकडं सर्रास म्हणतात, कडधान्याला खत कशाला, ते हवेतलं नत्र स्वतःच घेतंय. मटकी, हुलगा, तूर, हरभरा यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. घेवड्याच्या बाबतीत नाही. घेवडा आणि राजमा एकाच जातकुळीतले, आणि या कुळाच्या मुळांवर आपल्या जमिनीत गाठी फार कमी येतात. ज्या जिवाणूंशी त्याचं जमतं ते आपल्या मातीत मुळात थोडे, आणि पीक एवढं कमी मुदतीचं की गाठी बनून कामाला लागेपर्यंत निम्मं आयुष्य सरतं. म्हणूनच उत्तरेकडच्या बागायती रब्बी राजम्याला हेक्टरी 90 ते 120 किलो नत्राची शिफारस आहे. हरभऱ्याला 20-25 किलोवर भागतं. एवढा फरक.

आणि दाण्यातून जातं किती तेही बघ. घेवड्याच्या दाण्यात साधारण 22 टक्के प्रथिनं असतात. नत्राच्या हिशोबात मांडलं तर क्विंटलमागं साडेतीन किलोच्या आसपास नत्र शेतातून उचललं जातं. एकरी पाच क्विंटल झाला, तर नुसत्या दाण्यातून सतरा-अठरा किलो गेलं, पाला-भुसकाट वेगळंच. हे कुठून तरी आलं पाहिजे. थोडं मातीतून येतं, थोडं शेणखतातून, उरलेलं आपण द्यायचं. मातीतून किती येईल हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठीच माती तपासायची.

माती तपासायची म्हणजे बांधावरून मूठभर ढेकळं पिशवीत घालून पाठवायची नाहीत. प्रयोगशाळा तिच्यासमोर आलेली माती बरोबरच तपासते. ती माती आपल्या रानाची खरी प्रतिनिधी आहे का, हे बघायचं काम आपलं. सगळी गोम नमुना घेण्यात आहे, म्हणून हे सविस्तर सांगतो.

रब्बीचं पीक निघालं, रान सुकलं, नांगर घातलेला नाही, अशी वेळ धर. ओल्या मातीचा नमुना घेऊ नको. शेतात खत टाकून दोन-तीन महिने झालेले नसतील तर थांब. पहिल्यांदा रानाचे तुकडे पाड. वरचं रान सातबाऱ्यावर एक गट असलं तरी मातीनं ते तीन रानं आहेत. डोंगराकडची पट्टी मुरमाड, तांबूस. मधलं मध्यम काळं. आणि ओढ्याकडं उतरलेली पट्टी भारी, जिथं पावसाळ्यात पाणी थांबतं आणि उन्हाळ्यात कुठं कुठं पांढरी खपली येते. या तिन्हींचे तीन नमुने करायचे. तिन्हींची माती एकात मिसळलीस तर जो आकडा येईल तो तिन्हींपैकी एकाही जमिनीचा नसेल, आणि त्यावर घातलेलं खत वर कमी पडेल, खाली वाया जाईल.

एका तुकड्यात नागमोडी चालत जायचं आणि दहा-पंधरा ठिकाणी थांबायचं. बांधाच्या कडेची जागा सोडायची. झाडाखालची, विहिरीजवळची, जनावरं बांधत होतो ती, उकिरड्याची, आणि शेणखताचे ढीग पडले होते त्या जागा तर कटाक्षानं सोडायच्या. थांबल्या ठिकाणी वरचा पालापाचोळा हातानं बाजूला सारायचा, माती खरवडायची नाही. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, वीतभर खोल. खड्ड्यातली माती बाहेर काढून टाकायची. ती नमुन्याची माती नव्हे. नमुना म्हणजे त्या खड्ड्याच्या दोन्ही तिरप्या भिंतींवरून वरपासून तळापर्यंत काढलेला बोटभर जाडीचा काप. बरेच जण वरवरची चार बोटं माती भरतात. वरच्या थरात कुजलेला पाला असतो, तिथं सेंद्रिय कर्ब जास्त दिसतो आणि कागद खोटं समाधान देतो.

जस्त, लोह ही सूक्ष्म अन्नद्रव्यंही तपासायची असतील, आणि घेवड्याला ती तपासायचीच, तर खड्डा टिकावानं घे; पण काप काढताना लोखंडी खुरपं वापरू नको. बांबूची चिपाटी घे. पत्र्याच्या घमेल्याऐवजी प्लास्टिकचं घमेलं घे. लोखंडाचा आणि जस्ताच्या मुलाम्याचा अंश नमुन्यात उतरतो. खताच्या रिकाम्या पिशवीला तर हातच लावू नको. तिच्या शिवणीत चिकटलेली चिमूटभर पावडर अख्खा अहवाल बिघडवायला पुरेशी असते.

सगळे काप एका स्वच्छ कापडावर ओतायचे, ढेकळं फोडायची, खडे-मुळ्या काढायच्या, नीट कालवायचं. मग गोल ढीग करून बोटानं चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. असं करत करत अर्धा किलो माती उरली की थांबायचं. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरून आत चिठ्ठी घालायची: नाव, गाव, गट नंबर, कोणता तुकडा, आधीचं पीक, पुढं घेवडा घ्यायचाय, जिरायत की बागायत, नमुना घेतल्याची तारीख. एक चिठ्ठी आत आणि एक पिशवीच्या तोंडाला बांधलेली. साताऱ्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत दे, नाहीतर बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार. वळवाच्या आत दिलंस तर पेरणीआधी कागद हातात पडतो; जूनमध्ये गर्दी असते.

मृद आरोग्य पत्रिका तुझ्याकडं असेलच. ती योजना 2015 च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि तिच्यामुळं गावोगाव लोकांना सामू, कर्ब हे शब्द ठाऊक झाले, हे मोठं काम झालं. पण त्या पत्रिकेचा नमुना कसा घेतात ते समजून घे. सुरुवातीला जिरायतात 10 हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना आणि बागायतात अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक, अशी रीत होती. त्या चौकटीत जेवढे शेतकरी, तेवढ्यांना तोच आकडा. म्हणजे पत्रिकेवर नाव आपलं असलं तरी माती ओढ्यापलीकडची असू शकते. भागाचा अंदाज यायला पत्रिका चांगली. खताची गोणी मोजायला स्वतःच्या रानाचा नमुना पाहिजे.

आता कागद आला की घाबरायचं नाही. बारा आकडे असतात. घेवड्यासाठी ते एका क्रमानं वाचायचे.

आधी सामू. 6.5 ते 7.5 असला तर उत्तम. आपल्याकडं काळ्या रानात तो 8 च्या पुढं सहज जातो. तरी घेवडा येतो, पण तिथं स्फुरद, जस्त, लोह बांधून राहतात, पिकाला मिळत नाहीत. 8.5 च्या वर गेला तर ती जमीन चोपणाकडं झुकलीय. तिथं आधी जमिनीचा इलाज, घेवडा नंतर.

मग क्षारता. इथं एक बारकी गोष्ट आहे, जी कागदावर लिहिलेली नसते. घेवडा क्षाराला अतिशय नाजूक. शास्त्रज्ञांनी मोजलंय की संपृक्त मातीच्या अर्काची क्षारता 1 च्या वर गेली की घेवड्याचं उत्पादन घटायला लागतं, आणि पुढं प्रत्येक एका अंकामागं जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. आता आपल्या प्रयोगशाळेत माती अडीचपट पाण्यात ढवळून मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान येतो. तीच माती संपृक्त करून मोजली तर आकडा तिप्पट-चौपटही भरू शकतो. तेव्हा कागदावर ‘1 पेक्षा कमी, सर्वसाधारण’ असा शेरा असला तरी 0.4-0.5 आकडा दिसला की घेवड्यासाठी सावध व्हायचं. ओढ्याकडच्या पट्टीचा कागद आला की पहिल्यांदा हाच आकडा बघ. तिथं ज्वारी कर, क्षार सोसायला ती घेवड्याहून कितीतरी खंबीर आहे.

सेंद्रिय कर्ब 0.40 च्या खाली म्हणजे कमी, 0.41 ते 0.60 मध्यम. नत्र हेक्टरी 280 किलोपर्यंत कमीच धरतात. स्फुरद 15 च्या आत कमी. पालाश 150 च्या आत कमी आणि 300 च्या वर अत्यंत जास्त. जस्त 0.6 आणि लोह 4.5 पीपीएमच्या खाली गेलं की कमतरता. गंधक 10 पीपीएमच्या खाली गेलं की तेही द्यायचं. एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता खताचा हिशोब. आपल्या जिरायती खरीप घेवड्याला मी एकरी 24 किलो नत्र आणि 24 किलो स्फुरद हा पाया धरत आलोय. हेक्टरी 60-60 झाले. तू यंदाचा शिफारशीचा तक्ता कृषी सहायकाकडून घे आणि त्याच्याशी ताडून बघ. माती मध्यम आली तर पाया तसाच. कमी आली तर त्या अन्नद्रव्याचा पाया सव्वापट, अत्यंत कमी आली तर दीडपट, आणि अत्यंत जास्त आली तर निम्मा.

समज, मधल्या रानाच्या कागदावर नत्र 190, स्फुरद 12, पालाश 340, जस्त 0.45, गंधक 8 असं आलं. आपल्या भागातली ही अगदी नेहमीची माती. नत्र कमी, म्हणून 24 चे 30 किलो. स्फुरद कमी, त्याचेही 30. पालाश भरपूर आहे, तिथं पोटॅशची गोणी आणणं म्हणजे पैसे मातीत घालणं. एका पिकापुरतं ते सरळ वगळ. गंधक कमी, म्हणून स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दे. सुपरमध्ये 16 टक्के स्फुरद असतं, तेव्हा 30 किलोला 187 किलो सुपर लागलं, म्हणजे पावणेचार गोण्या. त्यातच 11 टक्क्यांच्या हिशोबानं 20 किलो गंधक फुकट मिळालं. नत्राला युरिया, त्यात 46 टक्के नत्र, म्हणून 65 किलो. युरियाची गोणी आता 50 ची नाही, 45 किलोची असते. म्हणजे एक गोणी आणि 20 किलो.

दुकानदार म्हणेल, डीएपी घ्या. डीएपी वाईट नाही. 65 किलो डीएपीत 30 किलो स्फुरद आणि जवळजवळ 12 किलो नत्र येतं, मग युरिया 40 किलोवर भागतो. गाडीभाडं वाचतं. पण त्यात गंधक नाही. कागदावर गंधक 15-20 असेल तर डीएपी घे, 8 असेल तर सुपर घे. आणि 10:26:26 घेवड्याला का आणायचं हे मला कधी समजलं नाही, जर रानात पालाश आधीच 340 आहे. गोणीवरचे तीन आकडे आणि कागदावरचे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे आणि मगच पैसे मोजायचे.

जस्ताचं वेगळं सांगतो, कारण सगळ्या कडधान्यांत घेवडा जस्ताला फार हळवा. कमी पडलं की नवी पानं लहान राहतात, शिरांमधला भाग फिका, मग तपकिरी ठिपके, आणि पीक पक्व व्हायला लांबतं. 0.45 आलं तर एकरी 8 किलो झिंक सल्फेट. ते सुपरमध्ये किंवा डीएपीमध्ये कालवू नको. स्फुरद आणि जस्त एकमेकाला धरून बसतात आणि दोन्ही पिकाला मिळत नाहीत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेव आणि शेवटच्या कुळवणीला रानात दे. एकदा दिलं की दोन-तीन वर्षं परत द्यायला लागत नाही. बोरॉन मात्र कोणी कितीही गळ्यात मारलं तरी कागदावर कमतरता असल्याशिवाय घालू नको. घेवड्याला ते थोडं जास्त झालं तरी पानाच्या कडा करपतात, आणि एकदा जमिनीत घातलेलं काढून घेता येत नाही.

आल्यामागं घेवडा घेणार असशील तर हिशोब फिरतो. आल्याला आपण गाड्यांवारी शेणखत आणि वर मिश्रखतं ओततो. त्या रानात स्फुरद साठलेलं असतं, कधी 30-35 च्या वर. तिथं पुन्हा स्फुरद देणं म्हणजे जस्त अडकवणं. अशा रानात स्फुरदाचा पाया निम्मा कर, तेवढी बचत झिंक सल्फेटला लाव. बटाट्यामागंही हेच. म्हणून म्हणतो, चिठ्ठीवर आधीचं पीक लिहायला विसरू नको.

शेणखत एकरी चार-पाच बैलगाड्या, दोन टनांच्या आसपास. पण कुजलेलं. हातात घेऊन बघ: काड्या ओळखू येत असतील, आत ऊब लागत असेल, वास मारत असेल, तर ते अजून व्हायचंय. कच्च्या खताबरोबर हुमणी येते, आणि घेवड्याची मुळं तिला चालतातच. शिवाय कच्चं खत रानात कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतं, आणि घेवड्याला ज्या दिवसांत नत्र हवं नेमक्या त्याच दिवसांत ओढतं. खड्ड्यातलं खत शिवरात्रीच्या सुमाराला एकदा पालथं कर, म्हणजे मृगापर्यंत तयार होतं.

पेरणीला येऊ. घेवड्याचा कोंब नाजूक, शिवाय तो दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन जमीन फोडतो. बियाला खत लागलं की कोंब करपतो आणि ओळीत जागा रिकाम्या राहतात. म्हणून दोन चाड्यांची पाभर वापर, खत बियाच्या खाली-बाजूला दोन बोटं पडलं पाहिजे. पेरणीआधी रानात चार हात चालवून माती उकरून बघ, बी कुठं पडतंय, खत कुठं पडतंय. ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र असलं तरी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, चालवणाऱ्यावर सोडायचं नाही. स्फुरद असं ओळीतच द्यायचं, फेकून नाही. चुनखडीच्या मातीत विखुरलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, मुळापर्यंत पोचत नाही, ते जागेवरच हलायचं थांबतं. सुपर सगळं पेरणीला. युरिया निम्मा, म्हणजे 32 किलो, पेरणीला. आणि सुपर-युरिया रात्रीच कालवून ठेवू नको. दोन्ही एकत्र ठेवले की पाणी सुटतं, चिखल होतो, चाड्यातून उतरत नाही. रानात गेल्यावर लागेल तेवढंच मिसळ.

जिवाणू संवर्धक लावायचं तर पाकिटावर घेवडा किंवा राजमा लिहिलंय का बघ. सोयाबीनचं किंवा भुईमुगाचं पाकीट घेवड्याला काहीच कामाचं नाही; दोघांचे जिवाणू निराळे. मुदतीची तारीख वाच, दुकानात पाकीट उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊ नको. 10 किलो बियाला 250 ग्रॅमचं एक पाकीट. आधी बुरशीनाशक चोळायचं, ते सुकलं की शेवटी जिवाणू, थोड्याशा गुळाच्या पाण्यात. थोड्याशाच. घेवड्याची साल पातळ, पाणी जास्त झालं की लगेच सुरकुतते आणि पाभरीतून जाताना फुटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेर.

आता पंचविसाव्या दिवसाचं काम, ज्याला बहुतेक लोक चुकतात. राहिलेला निम्मा युरिया द्यायची ती वेळ. गोणी उचलायच्या आधी खुरपं घेऊन रानात जा. चार-पाच ठिकाणची एकेक रोपटी उकरून काढ, उपटून नाही. उपटली की गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं बादलीत हलक्या हातानं धू. मोहरीएवढ्या, कुठं ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोड. आत गुलाबी, रक्ताच्या रंगाकडं जाणारी दिसली तर ती काम करतेय. पांढरी, हिरवट किंवा पोकळ निघाली तर ती नुसती शोभेची. झाडागणिक पंधरा-वीस गुलाबी गाठी निघाल्या तर दुसरा हप्ता निम्म्यावर आण. बहुतेक वेळा आपल्याकडं दोन-चार किंवा शून्य निघतील. मग हप्ता पुरा दे. कोळपणी-खुरपणी झालेली, वाफसा आलेला, पानं कोरडी, अशी वेळ धर. ओळीच्या बाजूनं टाकून लगेच कोळप्यानं मातीआड कर. सामू 8 च्या रानात वर पडलेला युरिया दोन कडक उन्हांत हवेत उडून जातो. फुलं लागल्यावर मात्र नत्र देऊ नको. पाला वाढतो, शेंगा पुढं-मागं होतात, आणि काढणीच्या वेळी निम्मं झाड वाळलेलं, निम्मं हिरवं राहतं.

मधेच पीक पिवळं पडलं तर लगेच युरियाकडं धावू नको. पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघ. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, तर लोह. चुनखडीच्या तुकड्यात हे हमखास दिसतं. त्याला 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम लिंबू सत्त्व घालून फवारा. पानावर पिवळे-हिरवे ठिगळासारखे डाग आणि पान आकसलेलं, तर ते रोगाचं काम, खताचं नाही. आणि झड लागून गेल्यावर सखल पट्टीच तेवढी पिवळी पडली असेल, तर मुळं गुदमरलीत. तिथं चर काढून पाणी उतरव. हवा लागली की चार-सहा दिवसांत पीक आपोआप सावरतं. गुदमरलेल्या मुळाला खत देऊन उपयोग नाही, ते उचलायला त्याच्यात जीवच नसतो.

शेवटचं एक काम सांगतो, ते दरवर्षी कर. मधल्या रानात चार ओळींची एक पट्टी आखून ठेव आणि तिला दुसरा हप्ता देऊ नको. तिच्या शेजारच्या चार ओळींना दे. दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखी मोज, दोन टोकांना खुंट्या ठोक. काढणीला दोन्हींच्या शेंगा वेगळ्या बडव, दाणे उन्हात सारखे वाळव आणि वजन कर. वही मी कपाटात ठेवलीय. त्यात सालवार पाऊस, पेरणीची तारीख, माती परीक्षणाचे आकडे, घातलेल्या गोण्या आणि दोन्ही पट्ट्यांची वजनं लिहिलेली आहेत. मुरमाड पट्टीचं आणि मधल्या रानाचं पान वेगळं आहे. ज्या साली पाऊस बेताचा पडला त्या साली दुसऱ्या हप्त्याचा फरक किती पडला आणि ज्या साली झड लागली त्या साली किती, हे त्यात दिसेल. या आठवड्यात ती वही घेऊन बस, न समजेल ते विचार, आणि रविवारी आपण तिन्ही तुकड्यांचे नमुने काढू. चिपाटी, घमेलं आणि धुतलेलं धोतर मी काढून ठेवतो. पिशव्या तू आण.